खारी पाणी रोज

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने परदेशी निघाली, तेव्हा घाईघाईत फ्रिजवर एक यादी चिकटवून गेली. गॅस बंद. गोळी जेवणानंतर. मागच्या दाराला कडी. आणि सगळ्यात खाली : अंगणातलं मातीचं भांडं, खारी पाणी रोज, पाऊस असो थंडी असो.

नवरा निवृत्त मुद्रितशोधक. छत्तीस वर्षं छापखान्यात लोकांच्या वेलांट्या सुधारण्यात गेलेली. चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जायचा.

"खारी पाणी?" तो स्वतःशीच म्हणाला. "अगं बाई, पाणी नपुंसकलिंगी! इतकी वर्षं माझ्यासोबत काढलीस आणि ही तऱ्हा?"

त्याने 'री' खोडून 'रे' केला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी भांड्यात पाणी भरून त्यात दोन चमचे मीठ ढवळू लागला. कशासाठी, हे विचारायची त्याची पद्धत नव्हती. गोगलगायींसाठी असेल, असं तो धरून चालला. मागच्या अंगणात कोण येतं, कोण जातं, हे त्या भल्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

बायकोचा फोन रविवारी यायचा. "कसे आहात?" "ठीक." "जेवलात?" "हो." "बरं, ठेवते." संपलं! फोन ठेवला की मात्र घर खायला उठायचं. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, हे त्याला दर वेळी फोन ठेवल्यावरच सुचायचं.

तिसऱ्या रविवारी तिने विचारलं, "अहो, आणि खारी येतात ना पाण्यावर?"

"कोण?"

"खारी हो! झुपकेदार शेपटीच्या! त्यांच्यासाठीच तर ते भांडं आहे."

फोन कानाला लावूनच तो मागच्या दारात गेला. भांड्याच्या कडेवर मिठाची पांढरी पुटं चढली होती. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

"येतात तर!" तो म्हणाला.

"तिघी?"

"चौघी."

"चौथी कुठून आली?"

"पाहुणी असेल."

ती खळखळून हसली. तिचं हसणं ऐकून किती दिवस झाले होते! तेवढ्यासाठी तो आणखी चार थापा मारायला तयार झाला.

फोन ठेवल्याबरोबर त्याने भांडं घासलं, उन्हात वाळवलं, गोडं पाणी भरलं आणि तिच्या वेताच्या खुर्चीत पहारा देत बसला. खारी कसल्या येतायत! फांदीवरून टकमक बघायच्या, शेपटी उडवायच्या आणि सरळ शेजारणीच्या अंगणात उतरायच्या. त्याने भांडं बदललं, जागा बदलली. शेवटी कुंपणापाशी जाऊन उभा राहिला.

"आमच्या खारी परत करा," तो शेजारणीला म्हणाला.

"मी काय बांधून ठेवल्यात?" शेजारीण नर्स होती, कुणाची भीडभाड ठेवायची नाही. "काय घातलंत त्यांच्या पाण्यात?"

"व्याकरण," तो खाली मान घालून म्हणाला.

इकडे फोनवर पाहुणीचा संसार वाढत चालला. तिचं बाकीच्या तिघींशी भांडण झालं, मग समेट झाला, पुढे तिला तीन पिल्लंही झाली. लेकीला मुलगी झाली त्या आठवड्यात तर दोन्हीकडच्या बाळांच्या चौकश्या चालल्या होत्या. पाच मिनिटांच्या फोनला तास पुरेना. पाऊस लागला तसं भांडं त्याने वळचणीखाली सरकवलं, थंडीत रोज कोमट पाणी ठेवलं. प्यायला कोणीच नसायचं. संध्याकाळी ती इथे एकटी बसून काय बघायची, हे खुर्चीत बसल्यावर त्याला कळू लागलं. तिने आपल्यालाही हाक मारली असेल का? मारली असेल. आपण आतून, मान वर न करता, 'हं' म्हटलं असेल. या विचाराने त्याला जेवण जाईना.

आणि एका रविवारी ती म्हणाली, "आज व्हिडिओवर दाखवाच! नातीलाही बघू दे पाहुणी."

"आज... आज त्या बाहेर गेल्यात."

"सगळ्या?"

"लग्न आहे."

"कुणाचं?"

त्याचा धीर सुटला. "नाही गं. एकही खार येत नाही. पाहुणी तर कधीच नव्हती. मी तुझ्या यादीत दुरुस्ती केली आणि त्या बिचाऱ्यांना तीन आठवडे मिठाचं पाणी पाजलं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "शेजारणीने तेव्हाच कळवलं होतं."

"तेव्हाच? मग मला बोलली का नाहीस? मला वाटलं, तुझा जीव त्या खारींत अडकलाय."

"खारी इथे खिडकीतसुद्धा ढिगाने आहेत हो. पण एकतीस वर्षांत तुम्ही माझ्याशी तासभर कधी बोलला होतात? मी कशाला तोंड उघडू?"

त्याने चष्मा पुसला, परत घातला.

"गप्प का? सांगा ना, पाहुणीचं पुढे काय झालं?"

"काही नाही झालं. रोज भांडं भरते आणि दाराकडे बघत बसते. घरात करमत नाही तिला. अजिबात करमत नाही."

तिकडे फोनपासून तोंड वळवून ती मोठ्याने ओरडली, "अगं ए, माझं तिकीट अलीकडचं करून मिळतं का बघ!"