गावकरबाईंचा पुरावा

गावकरबाई रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी त्याला एक शिवी देत. शिवी साधीच, ‘मेल्या’. पण ती हासडल्याशिवाय तो नीट चालणार नाही अशी त्यांची खात्री होती. एकदा त्या विसरल्या आणि दुपारपर्यंत वीज गेली, तेव्हापासून आमचीही खात्री झाली.

आमचा फर्निचरचा कारखाना अंधेरीच्या एमआयडीसीत होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि शेठनी परदेशातून एक राउटर मशीन आणलं होतं. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं, फ्लॉपीत घालून मशीनला द्यायचं, की त्याचं गरगर फिरणारं पातं प्लायवूडमधून तोच आकार कापून काढायचं. लोक बघायला यायचे. शेठ त्यांना चहा पाजायचे. शिव्या आम्ही खायचो.

कारण मशीनला अक्कल नसते. एकच रेघ चुकून दोनदा काढली तर ते दोनदा कापतं. चौकट कोपऱ्यात केसाएवढी उघडी राहिली तर ते तिथेच अडून बसतं. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा सुटून उडतो, मग आतली भोकं पाडायची कशात? म्हणून प्रत्येक ड्रॉइंग मशीनवर चढवण्याआधी साफ करावं लागे. ते काम गावकरबाईंचं, आणि त्यांच्या हाताखाली मी, टेंपररी.

बाई पन्नाशीच्या. लग्न केलेलं नाही. पंचवीसेक वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारून मग कॉम्प्युटर शिकलेल्या. नाकावर चष्मा आणि चष्म्यावर राग. मुंबईत जन्म गेला तरी चिडल्या की थेट मालवणात पोचायच्या. “जाधवा, ही रेघ कोण मिटवतलो? तुझो आजो?” माझा आजोबा बिचारा साताऱ्याकडचा, त्याने जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता, पण दिवसातून चार-पाच वेळा त्याचा उद्धार व्हायचा.

त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे इंच. आर्किटेक्टच्या ऑफिसातून ड्रॉइंग यायची ती इंचात, आणि आमच्या मशीनला कळायचे फक्त मिलिमीटर. त्याला नुसता आकडा दिसतो. कपाटाचं दार चोवीस इंच रुंद असेल आणि तुम्ही ड्रॉइंग आधी मोठं करायला विसरलात, तर मशीन चोवीस मिलिमीटरचं दार कापून मोकळं. बाई जेवायला गेल्या की घाईत एखादं ड्रॉइंग न तपासता चढायचं आणि भल्यामोठ्या शीटच्या मधोमध बिस्किटाएवढं कपाटाचं दार तयार व्हायचं.

मग बाई तो तुकडा दोन बोटांत धरून अख्ख्या कारखान्यात फिरवायच्या. सुतारांना दाखवायच्या, वॉचमनला दाखवायच्या. “हे बघा, जाधवांचं कपाट. आत काय ठेवणार, मुंग्यांची लुगडी?” शेवटी त्यांची काळी पर्स उघडायची, तुकडा आत पडायचा आणि त्या म्हणायच्या, “पुरावा. शेठना एक दिवस सगळा दाखवायचाय.”

त्या पर्सची मी धास्ती घेतली होती. माझं कपाट तिच्यात होतं, टेबल होतं, स्टूल होतं. इतरांचंही होतं, पण इतर पर्मनंट होते. त्यातच शेठनी जाहीर केलं की दिवाळीला एका टेंपररी माणसाला पर्मनंट करणार, आणि कोणाला ते बाईंना विचारून. माझी वाट लागली हे मला तेव्हाच कळलं. मला ती बाई मनापासून आवडत नव्हती. घाटकोपरला घरी जेवताना मी तिच्या नावाने इतकी बडबड करायचो की आई म्हणायची, तिचंही ताट वाढू का.

आणि अशा वेळी बाईंचा पाय मुरगळला. त्या पहिल्यांदाच आठवडाभर घरी राहिल्या. त्यांचा चष्मा टेबलावर राहिला होता, तो पोचवायच्या निमित्ताने मी मुलुंडला गेलो. खरं तर भांडायलाच गेलो होतो. तोंडावर सांगणार होतो की बाई, काय दाखवायचं ते दाखवा, पण रोज रोज डोक्यावर टांगून ठेवू नका.

त्या भावाकडे राहायच्या. दार वहिनीने उघडलं. हॉलमध्ये आमच्याच कारखान्यातलं मोठं शोकेस होतं, ड्रॉइंग बाईंचं, मी ओळखलं. त्याच्यासमोर भाऊ पाय पसरून टीव्ही बघत होता. त्याने न वळताच हाताने गॅलरी दाखवली.

गॅलरीला ग्रिल लावलेलं. वर दोऱ्यांवर घरभराचे ओले कपडे, एका बाजूला कांद्यांची पिशवी आणि मोडकी सायकल. उरलेल्या जागेत बाईंचं अंथरूण, त्यावर पाय लांब करून बाई, आणि उशाला त्यांची ट्रंक.

ट्रंकेवर एक घर होतं. पुठ्ठ्याच्या तीन भिंती, आत माझं कपाट, माझं टेबल, माझं स्टूल. कोणाचा तरी पलंग, कोणाचं तरी मोरीजवळचं फडताळ. आकार लहान झाला तरी प्लायची जाडी कमी होत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा पॉलिशपेपरवर घासघासून पातळ केलेला आणि मग डिंकाने जोडलेला.

“हात लावू नको,” बाई म्हणाल्या. मी लावला नव्हता.

मी चष्मा दिला. बाईंनी चष्मा घातला आणि माझ्याकडे न बघता टेबल जरासं सरळ केलं.

“सगळं बसतं बघ एकमेकांत. कपाटाला टेबल, टेबलाला स्टूल. गाढवं सगळी, पण एकाच मापाची गाढवं.”

“दार नाही हो या घराला,” मी म्हणालो.

“घराच्या दारात अजून कोणी चुकला नाही.”

मी म्हटलं, मग तुम्हीच कापा की एक. त्यावर बाई खऱ्या चिडल्या. शेठच्या मशीनवर स्वतःचं काम करायला मी चोर वाटले काय तुला, म्हणाल्या. तेवढ्यात वहिनी कपडे काढायला आली. बाईंच्या दुखऱ्या पायावरून पलीकडे गेली, टॉवेल ओढले, तशीच परत गेली. बाई तोंडातला शब्द तोंडात ठेवून थांबल्या होत्या. हॉलमध्ये भाऊ कशाला तरी हसला. मला त्या माणसाचा, त्याच्या टीव्हीचा, त्या शोकेसचा इतका संताप आला की जाताना मी त्यांचं दार जोरात आपटलं. बाईंवर इतके दिवस धरलेला राग कुठे ठेवावा तेच मला कळेना.

बाई कामावर आल्या त्याच आठवड्यात सांताक्रूझच्या एका हॉटेलच्या दारांची ऑर्डर आली. पहिलं ड्रॉइंग मी केलं. रेघा मिटवल्या, भोकं आधी घेतली, कड शेवटी. आणि इंच तसेच ठेवले. शेठ त्या दिवशी मशीनपाशीच उभे होते. मी ड्रॉइंग बाईंना तपासायला दिलं.

त्यांनी ते बराच वेळ बघितलं. आकडे त्यांना पाठ असायचे. चष्मा काढला, पुसला, घातला.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण नवी शीट कित्याक? तो कोपऱ्यातला तुकडो लाव.”

तो तुकडा वीतभर होता. त्यातून हॉटेलचं दार निघायचं होतं.

मशीन थांबलं आणि बाई सुरू झाल्या. इतक्या वर्षांत त्या कोणावर तशा बरसल्या नसतील. माझा आजोबा झाला, पणजोबा झाला, सातारा जिल्हा झाला. सुतार काम टाकून बघायला आले. शेठच घाबरले, जाऊ द्या बाई, तुकडाच तर होता, म्हणाले.

“जाऊ कसं देऊ?” बाई ओरडल्या. “आधी याला पर्मनंट करा, म्हणजे मला रोज शिव्या देता येतील.”

मग त्यांनी दार उचललं, फुंकर मारून भुसा उडवला आणि पर्स उघडली. माझ्या अगदी जवळ येऊन, शेठना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

“कडीची खाच राहिली, मेल्या. आतल्या बाजूने हवी होती.”