तिसऱ्या मजल्यावरचा कॉक

बाहेर उणे सव्वीस आणि घरात अधिक तीस, अशा हवेत वेनियामिन सावेलिच नुसत्या गंजिफ्रॉकवर बसून घाम पुसत होते. शहराच्या टोकाला असलेल्या औष्णिक केंद्रातून उकळतं पाणी जमिनीखालून साऱ्या ओम्स्कभर फिरे, आणि कोणी किती तापायचं ते तिथला साहेब ठरवी. खिडकी उघडावी तर मानेत उसण भरायची. बँडमध्ये तीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवलेली मान ती, तिला वारा सोसत नसे.

उन्हाळ्यात पाणी बंद असताना त्यांनी बैठकीतल्या, खोली तापवणाऱ्या रेडिएटरला हौसेनं एक कॉक बसवून घेतला होता. तो त्यांनी आज पूर्ण पिळून बंद केला आणि कितीतरी दिवसांनी पांघरूण घेऊन झोपले.

सकाळी दार वाजलं. पाचव्या मजल्यावरच्या कापितोलिना पोतापोव्हना फरकोट, फरटोपी घालून उभ्या. बैठकीत बर्फ व्हायचा बाकी आहे, कालपासून वरपासून खालपर्यंत पाचही घरं गारठलीत, असं त्या सांगत होत्या तसं वेनियामिन सावेलिचच्या ध्यानात येत गेलं. सगळ्यांच्या बैठकीला पाइप एकच. एका रेडिएटरमधून निघालेलं पाणी खालच्याच्या घरी जाणार. मध्येच त्यांनी बूच मारलं होतं.

तेव्हाच खरं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण तोंडातून निघालं, "हे केंद्रवाले ना, माणसाला माणूस समजत नाहीत."

बाई गेल्यावर ते कॉककडे धावले. घाईत उलटा जोर लावला आणि मूठ तुटून हातात आली. कॉक जागचा हलला नाही.

दुपारी जिन्यात सभा भरली. तक्रार-अर्ज लिहायला सुवाच्य अक्षर कोणाचं? सावेलिचचं. मग त्यांनीच 'अमानुष हलगर्जीपणा' वगैरे लिहून खाली पहिली सही ठोकली. अर्ज इतका जळजळीत उतरला की दुसऱ्याच सकाळी प्लंबर हजर झाला. रुस्तेम नावाचा, मितभाषी तातार. मागे अख्ख्या जिन्यातले शेजारी.

प्रत्येक घरातला पाइप चाचपत तो तिसऱ्या मजल्यावर आला. रेडिएटरवर रजई पांघरलेली होती. त्यानं ती उचलली आणि मूठ तुटलेला कॉक बघितला.

"अर्ज कोणी लिहिलाय?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी वेनियामिन सावेलिचकडे पाहिलं.

"छान लिहिलाय," रुस्तेम म्हणाला, पक्कड लावून कॉक उघडला आणि निघून गेला. पाइप गुरगुरला. शेजारीही आपापल्या घरी गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सावेलिचना वाटलं.

संध्याकाळी ते तोंड लपवून बसले असताना कापितोलिना पोतापोव्हना आल्या. हातात कोबीचं सारण भरून भाजलेला गरम पिरोग. सावेलिच माफी मागायला उठले, तर त्यांनी हातानंच गप्प केलं आणि दार लावून घेतलं.

"ते राहू द्या हो. आमच्या विहीणबाई आल्या होत्या, नव्या वर्षापासून मुक्काम. काल गारठून लेकीकडे गेल्या. आता फोन आलाय, ऊब आली का म्हणून विचारतायत."

"मग? काय सांगितलंत?"

"अजून काही नाही," असं म्हणत त्यांनी पिरोगखालच्या रुमालातून पक्कड काढून हळूच टेबलावर ठेवली.