आवाज आला काय?

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खाली येऊन 'आमचा आवाज आला काय' म्हणून विचारतो, असं कुठे ऐकलंय तुम्ही? मी सहा वर्षं ऐकलं. रोज संध्याकाळी साडेसहाला.

दार वाजायचं. मेश्रामजी उभे. पायात लोकरी मोजे, भर मे महिन्यातही.

"वहिनी, आवाज आला काय?"

"आला ना. दोनदा."

"पहिला हलका, दुसरा भारी?"

"दोन्ही भारी."

"हां," म्हणून ते पाऊल न वाजवता जिना चढायचे आणि वर कुणाची तरी कानउघाडणी व्हायची.

मेश्रामजी आमच्या वरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात आणि तिथेच बॅले शिकवतात. हो, बॅलेच, पायाच्या बोटांवर उभं राहून नाचतात तो. दारावर पाटी आहे, 'मेश्राम बॅले कंपनी', आणि खाली त्यांचं नाव, 'आर्टिस्टिक डायरेक्टर'. एकदा एक फिटर पाटी वाचून नोकरीसाठी बायोडाटा घेऊन आला. मेश्रामजींनी त्याला दोन उड्या मारून दाखवायला सांगितलं. तो काही परत आला नाही.

ते स्वतः हिंगण्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तरुणपणी सदर भागातल्या एका बाईंच्या नाचाच्या क्लासात पंखा दुरुस्त करायला गेले आणि शिडीवरच राहिले. "खाली पोरी उड्या मारून राहिल्या होत्या वहिनी, अन् मले एका पायाचाबी आवाज नाही आला. पंखा तं बंदच होता." त्यानंतर तो पंखा दर रविवारी बिघडायला लागला. बाईंनी काय ते ओळखलं आणि शिडीवरून खाली बोलावून शिकवलं. पण चौतिशीत सुरुवात करणारा माणूस नाचणार कधी? "मी उडी मारत नाही," ते म्हणतात, "मले उडी समजते."

त्यांचं म्हणणं एकच. उडी दिसावी, उतरणं कळू नये. आणि ते कळलं की नाही हे सांगणारी परीक्षक म्हणजे छताखालची मी. त्यासाठी मला कूलर बंद करायला लावायचे. नागपुरात, मे महिन्यात. मी चिडायची, बडबडायची आणि बंद करायची. घामाघूम होऊन पलंगावर पडून छताकडे बघत राहायची. खरं सांगते, हळूहळू मलाच त्याचं वेड लागलं. वर कुणीतरी हवेत आहे एवढं जाणवायचं, खाली कधी आलं ते कळायचं नाही. मधेच माझा डोळा लागला की काय, तेही कळायचं नाही.

हे 'कुणीतरी' म्हणजे मनू, इतवारीतल्या भांडेवाल्याची चौदा वर्षांची मुलगी. कंपनीतल्या बाकी दोघी दहावीच्या ट्यूशनला पळाल्या, ही एकटी राहिली. वर्षभरात हिचा आवाज मला एकदाही आला नव्हता.

मार्चमध्ये शाळकरी मुलांची नृत्यस्पर्धा होती. पहिल्या येणाऱ्याला बेंगळुरूला राहून शिकायची सोय.

"मनूचं नाव दिलं," मेश्रामजी म्हणाले.

"जिंकली तर जाईल ना ती?"

"जाईलच."

"मग तुमच्या कंपनीत उरलं कोण?"

त्यांनी मोजे वर ओढले. "खोली बारा फुटांची आहे वहिनी. तिची उडी आता भिंतीले टेकून राहिली."

स्पर्धेला मलाही नेलं. मी नवी साडी नेसले, वाटलं पहिल्या रांगेत बसवतील. बसवलं ते स्टेजच्या खाली, जिथे मोडक्या खुर्च्या ठेवतात. वॉचमनला त्यांनी काय सांगितलं देव जाणे, तो अदबीनं दार उघडून उभा. "खरा निकाल इथं लागते," म्हणाले. डोक्यावर एकेक स्पर्धक धबाधब उतरत होता. फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा आणि माझ्या केसांत धूळ. पाचव्याला तर मेश्रामजींनी डोळेच मिटले. "जिना उतरून राहिला हा," कुजबुजले.

मग मनूचं नाव पुकारलं. संगीत सुरू झालं. वर काहीच नाही. उजेडाच्या रेघांवरून एक सावली सरकायची, नाहीशी व्हायची, परत यायची. पोरगी घाबरून कोपऱ्यात तर बसली नाही, अशी मला धास्ती वाटली. मी मेश्रामजींकडे पाहिलं. ते मान वर करून बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. टाळ्या पडल्या तोच काय तो आवाज.

मनू पहिली आली. तिचा नाच आम्ही दोघांनीही पाहिला नाही.

जूनमध्ये ती गेली. साडेसहाला दार वाजेना. सहा वर्षं मी शांततेसाठी कूलर बंद करत होते, आता तीच शांतता सोसवेना, म्हणून तो दिवसभर चालू ठेवायला लागले.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी लाइट गेली आणि कूलर थांबला. मी चहा घेत बसले होते. एवढ्यात वर धडाम् झालं. छताचा पोपडा सुटून थेट माझ्या कपात पडला. मी उठेपर्यंत जिन्यावर पावलं वाजली. मेश्रामजींची पावलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दारात उभे होते. लोकरी मोजे, धाप लागलेली, हातानं गुडघा दाबून धरलेला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण डोळे निकाल विचारायला आलेल्या शाळकरी पोरासारखे.

"वहिनी, आवाज आला काय?"

या बाबतीत मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. मी कप पाठीमागे धरला.

"नाही जी," मी म्हणाले, "अन् कूलर तं बंदच होता."