सुंद्राक्काच्या बांधावरचा धूर

एका जंगलात पाण्याची टंचाई होती आणि वाईनची रेलचेल होती. असं कसं, म्हणून विचारू नका. बोधकथेत प्रश्न शेवटी विचारायचे असतात, आणि तेवढ्यात घंटा होते.

तर मुलांनो, या जंगलाच्या उतारावर सुंद्राक्का राहायची. नाव सुंदराबाई आणि होती रानडुकरीण. हसलात ना? हसा, हसा. तिला सवय आहे.

सुंद्राक्काचा द्राक्षांचा मळा होता. तिला नांगर लागायचा नाही की बैल लागायचा नाही. पहाटे उठायची, मुसंडी मारायची आणि चहाच्या वेळेपर्यंत दोन ओळी उकरून मोकळी व्हायची. वेलींवर भुरीची बुरशी पडली की आंबट ताक शिंपडायची. पौषातल्या कडाक्यात बांधावर कडुलिंबाचा पाला पेटवायची, म्हणजे धुराने वेलींना ऊब मिळायची. पाणी जुन्या विहिरीचं. त्या विहिरीत आजेसासऱ्यांच्या काळात लोखंडी रहाट पडला होता, तो कुणी काढलाच नाही. पाण्याला जरा गंजाची चव यायची, पण वेलींची तक्रार नव्हती.

आणि नाक म्हणाल तर काय नाक! जमिनीत हातभर खोल कंद असला तरी तिला वरून कळायचा. सडका आहे की चांगला, तेही कळायचं.

आता एक गंमत ऐका. एवढी द्राक्षं पिकवून सुंद्राक्काने अख्खा घड कधी खाल्ला नव्हता. मळेवाल्यांची रीतच तशी. चांगला घड विकायचा, गळलेले मणी आपण खायचे. तिच्या सासूनेही जन्मभर गळलेलेच खाल्ले आणि मरताना म्हणाली, "गोड असावीत गं."

माल न्यायला तरसशेठ यायचा. हसत यायचा, हसत जायचा. तरसच तो, मयताला गेला तरी हसायचा.

"शेठ, यंदा माल कसाय?"

"खरं सांगू आक्का? ही ही ही! व्हिनेगरच्या लायकीचा. चायनीजच्या गाडीवर बाटली असते बघ, तिच्यात जातो. वाईनला नाही चालत. तू आपली, म्हणून नेतो."

बारा वर्षं हेच. सुंद्राक्काला ते लागायचं. खूप लागायचं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला 'मीठ कमी' म्हटलेलं चालतं, 'कुत्र्याला घाला' म्हटलेलं चालत नाही. रात्री कूस बदलताना तिला तेवढंच वाटायचं, की आपली द्राक्षं खरंच इतकी टाकाऊ आहेत का, हे एकदा कळावं.

तेवढ्यात जंगलात एक बस सुरू झाली.

वडाला पाटी लागली होती: 'एका दिवसात तीन वायनऱ्या! वाटेल तिथे उतरा, वाटेल तिथे चढा!' तिकीट एक टोपली कंद. सुंद्राक्काने पाटी वाचली आणि ठरवलं. तीनही ठिकाणी जाऊन हुंगायचं. आपला माल कुठे गेला असेल तर नाकाला कळेलच. कुठेच नसेल, तर तरसशेठ खरं बोलतो म्हणायचं आणि गप्प बसायचं.

बस रेडेभाऊ चालवायचे. ते रवंथ करायचे, बोलायचे कमी. माहिती सांगायला मैना होती, तिला थांबणं माहीत नव्हतं. प्रवाशांच्या डोक्यावर हॅट होती. कासवाच्यासुद्धा. आयुष्यभर छपराखाली राहिलेला प्राणी, त्याला हॅट कशाला? पण रीत म्हणजे रीत. मैनेने प्रत्येकाच्या पायात हिरवी पट्टी बांधली. सुंद्राक्काच्या पायाला दोन जोडाव्या लागल्या. ससा फिदीफिदी हसला.

पुढच्या बाकावर बगळेसर बसले होते. जंगलातले वाईनचे सगळ्यात मोठे जाणकार. एका पायावर उभे राहून डोळे मिटायचे, की लोक वही काढायचे.

पहिली वायनरी कोल्ह्यांची. कोल्ह्यांच्या घराण्याचं आणि द्राक्षांचं किती जुनं वाकडं आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण धंदा म्हणजे धंदा.

"मंडळी, आधी पेला बघायचा," बगळेसर म्हणाले. "मग फिरवायचा, मग हुंगायचा. मग एक घोट, आणि मग बादलीत थुंकायचं."

"थुंकायचं?" सुंद्राक्का म्हणाली. "का बरं? खराब आहे का?"

"बाई, गिळतात ते दारुडे. थुंकतात ते रसिक."

"आमच्यात घास थुंकला तर सासू पाटावरून उठवायची," सुंद्राक्का म्हणाली. तिने पेल्यात नाक घातलं. "ही तर जांभळं आहेत. द्राक्ष औषधालाही नाही."

कोल्ह्याने शेपटीकडे बघितलं.

बगळेसरांनी डोळे मिटले. "जांभळाची छटा! वा! मीही तेच म्हणणार होतो."

सगळ्यांनी लिहून घेतलं. जांभळाची छटा.

दुसरी वायनरी माकडांची. तिथे झोपाळे होते, फोटोसाठी लाकडी चौकट होती, आणि वाईनही होती. सशाला थुंकायचं लक्षात राहिलं नाही, त्यामुळे तो झोपाळ्याला मिठी मारून माफी मागत होता. सुंद्राक्काने हुंगलं आणि शिंकली.

"या पिंपात आधी रॉकेल होतं रे बाबांनो."

"खनिजाची छटा!" बगळेसर म्हणाले. मोराने तर दोन बाटल्या विकत घेतल्या.

सुंद्राक्का बसमध्ये येऊन खिडकीशी बसली. तिचं तोंड उतरलं होतं. दोन झाल्या, आता एकच राहिली. व्हिनेगरचा कारखाना बसच्या रस्त्यावर नव्हता, आणि आपला माल तिथेच सापडणार अशी तिला धास्ती वाटू लागली होती.

"रेडेभाऊ, परत घरी सोडता का?"

रेडेभाऊंनी घास या गालातून त्या गालात नेला. "पट्टी बांधलीय ना? आता बघूनच जा, आक्का."

तिसरी वायनरी बिबटेसाहेबांची. टेकडीवर काचेचा महाल, आत गारेगार. बाहेर हंडा घेऊन हरणांची रांग होती, ती मैनेने दाखवली नाही. बिबटेसाहेब स्वतः पुढे आले. सगळ्यांना एकेक पेला दिला आणि पेल्यात मोजून दोन चमचे वाईन.

"ही आमची खास," साहेब म्हणाले. "सात डोंगरांपलीकडच्या बर्फाच्या मुलखातली द्राक्षं. इकडच्या मातीला हे जमायचं नाही."

सुंद्राक्काने मरगळून पेला नाकाशी नेला.

आणि तिचे कान ताठ झाले. पुन्हा हुंगलं. मग एक घोट तोंडात घेतला आणि तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मावशी, थुंका आता," मैना कुजबुजली. "रसिक थुंकतात."

सुंद्राक्काने घोट गिळला. "पोटच्या पोराला कुणी थुंकतं का गं?"

मग ती मोठ्याने बोलू लागली. बारा वर्षांचं साठलेलं होतं, थांबते कशाला! "ही माझी द्राक्षं! हा लिंबाच्या पाल्याचा धूर, पौषातला. हे माझं आंबट ताक, भुरीवर मारलेलं. आणि हा गंज आमच्या विहिरीतल्या रहाटाचा! कुठला बर्फ आणि कुठले सात डोंगर? ओढा ओलांडला की माझा मळा!"

बिबटेसाहेब ठिपके सोडून सगळे पांढरे पडले. आता बोभाटा होणार, धंदा बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

पण बगळेसर एका पायावर उभे राहिले होते.

"लिंबाचा धूर," ते हळूहळू म्हणाले. "आंबट ताक. गंजलेल्या रहाटाची ओल. काय वर्णन आहे! क्या बात है!"

टाळ्या पडल्या. मोराने पिसारा फुलवला. कासवाने हॅट काढली.

"अहो, वर्णन कसलं?" सुंद्राक्का ओरडली. "पत्ता सांगतेय मी, पत्ता!"

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. एका बिबटेसाहेबांना गेलं. त्यांनी तिला कोपऱ्यात नेलं आणि आवाजात मध कालवला.

"आक्का, तुम्हाला काय हवं ते सांगा."

"काही नको. बाटलीवर नाव घाला माझं. सुंदराबाई, उतारावरचा मळा. बास."

"एवढंच ना? घातलंच समजा."

सुंद्राक्का घरी जाताना बसमध्ये गाणं गुणगुणत होती. आपली द्राक्षं टाकाऊ नाहीत! ती रेडेभाऊंना दोनदा म्हणाली, "सासूबाई हव्या होत्या हो आज." रेडेभाऊ रवंथ करत राहिले. नावं घालणारे साहेब त्यांनी बरेच पाहिले होते.

महिन्याभराने मैना नवी बाटली दाखवायला घेऊन आली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'बगळेसर विशेष'. खाली होतं: 'लिंबाचा धूर, आंबट ताक आणि गंजल्या रहाटाची ओल. सात डोंगरांपलीकडून.' आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत: 'ही वाईन चाखून एका ग्रामीण ग्राहकाला रडू आलं.'

"बघा मावशी, तुम्हीपण आलात की बाटलीवर!" मैना म्हणाली.

सुंद्राक्काने ते तीनदा वाचलं. तिला खरंच रडू आलं. मग रडू ओसरलं आणि राग आला. रानडुकराचा राग लगेच धावून जातो म्हणतात. हिचा राग मात्र गप्प बसून राहिला, द्राक्षं पिकेपर्यंत.

द्राक्षं पिकली. तरसशेठ हसत आला. त्याच्या हातात कागद होता.

"आक्का, यापुढे बांधावर पाला पेटवायचा नाही हं. तो धूर साहेबांच्या नावावर नोंदला गेलाय. ताकाचंही कळवतो."

"माझा धूर?"

"आता साहेबांचा. ही ही! माल मात्र नेतो नेहमीसारखा. व्हिनेगरच्या भावाने."

सुंद्राक्काने मान डोलवली. "परवा ये शेठ. घड तोडून ठेवते."

तो गेल्यावर ती मळ्यात शिरली. सगळ्यात चांगला, भरलेला घड निवडला. जरा वेळ नुसती बघत राहिली, कारण सवय नव्हती. मग तोंडात घातला, देठासकट.

अगंबाई! काय गोड होता तो! गळलेल्या मण्यांत ही चव कधी आलीच नव्हती. आपलं आपण एवढं चांगलं केलं, आणि बारा वर्षं आपणच चाखलं नाही! एक घड तिने सासूच्या नावाने बाजूला ठेवला. मग विचार केला, आणि सासूच्या वतीने तोही खाल्ला.

मग तिने आवतण धाडलं. सहा बहिणी आल्या, त्यांची पिल्लं आली. रेडेभाऊ बस घेऊन आले आणि प्रथमच स्वतः उतरले. तहानलेली हरणं आली. दोन दिवस मळ्यात नुसता मचामचा आवाज होता. एकानेही पेला फिरवला नाही. आणि थुंकलं? काय बिशाद!

तिसऱ्या दिवशी तरसशेठ आला. वेलींवर पानं होती, बाकी काही नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्याचं हसू थांबलं.

"आक्का! माल कुठाय?"

सुंद्राक्काने त्याच्या तोंडासमोर एक दणदणीत ढेकर दिली.

"घे हुंगून," ती म्हणाली. "आणि ही पण नोंदव साहेबांच्या नावावर."

आता तुम्हाला वाटेल, बिबटेसाहेबांचा धंदा बुडाला. वेडे आहात. साहेबांनी कोल्ह्याकडून जांभळं घेतली, माकडांकडून पिंपं घेतली आणि बाटल्यांवर तीच चिठ्ठी लावली. बगळेसरांनी घोट घेतला, थुंकला, डोळे मिटले. म्हणाले, "यंदा धूर छान मुरलाय." दुप्पट बाटल्या खपल्या.

सुंद्राक्का अजून पौषात बांधावर पाला पेटवते. मनाई गेली खड्ड्यात. कधीमधी ती बस तिच्या मळ्यावरून जाते. आतल्या हॅटवाल्यांच्या मांडीवर 'बगळेसर विशेष' असते, आणि धूर आत आला की ते नाकाला रुमाल लावतात.

"शी! कसला घाण वास हा!" ते म्हणतात. "मैनाताई, काच लावा ना."

मैना काच लावते. सुंद्राक्का घड खात असते. मान वर करत नाही.

तात्पर्य: कष्टाचं फळ गोड असतं, असं गुरुजी सांगतात. ते खरं आहे. म्हणूनच गुरुजी चाखायला येण्याआधी ते खाऊन टाकावं. त्यांना बाटलीवरची चिठ्ठी पुरते. ज्यांना हा बोध गिळवत नसेल, त्यांच्यासाठी बादली ठेवली आहे.