करंजीचा वेग

नव्या पोरांना सॉफ्टवेअर हळू का चालतं, हे आपण खेळातून शिकवू, असं हितेंद्र परबने साहेबांना बेधडक सांगून टाकलं. (खेळ कुठला, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.) साहेब म्हणाले, "सोमवारी दाखवा. नाही जमलं तर ट्रेनिंग राकेशकडे." राकेश म्हणजे ऑफिसातला त्याचा जुना प्रतिस्पर्धी. त्याच्या हाती ट्रेनिंग जाऊ देणं हितेंद्रला मंजूर नव्हतं.

शनिवारी लालबागच्या घरी दिवाळीच्या करंज्या चालल्या होत्या. बायको वैशाली लाटत, भरत, मुरड घालत होती. आई, अंबिकाबाई, तळत होती. हितेंद्रला आयतंच मैदान मिळालं.

"दहा मिनिटांत जास्तीत जास्त करंज्या काढायच्या! वैशू, लाटणं माझ्याकडे दे."

"तुला साधी पोळी लाटता येते का?"

"मशीन मागवलंय!"

पुऱ्या दाबायच्या त्या मशीनने तो खटाखट सुटला. घामाघूम झाला तसा त्याने पंखा फुल केला. दहा मिनिटांत चौसष्ट पुऱ्या! वैशालीच्या भरून झाल्या होत्या अकरा. बाकीच्या पुऱ्या वाऱ्यावर कडक होत बसल्या. मग काय, मुरड धरेना. कढईत करंज्यांनी एकेक करून तोंड उघडलं, सारण तेलभर पसरलं आणि धूर थेट गॅलरीत गेला.

"मेल्या," आई कडाडली, "हात हिचो अडकलोहा मुरडीत, आणि तू पुऱ्यांचो ढीग लावतंस? भरतलो कोण? तुझो सायब?"

हितेंद्र चपापला. ऑफिसात तोही हेच करायचा. काम अडायचं एकीकडे, आणि हा वेग वाढवायचा भलतीकडे!

आईने पंखा बंद केला, उरलेल्या कणकेवर ओला फडका टाकला आणि लेकाला मुरडीला बसवलं. वैशालीचा हात मोकळा होईल तेव्हाच पुढची पुरी. करंज्या सरसर निघाल्या. (हितेंद्रच्या मुरडी कुणी मोजल्या नाहीत, ही घरच्यांची माणुसकी.) एवढं होऊनही आईचं बोलणं थांबलं नव्हतं; पुऱ्यांचा ढीग, मुरडीत अडकलेला हात, फुल पंखा, सगळं ती पुन्हा पहिल्यापासून उगाळत होती. ते त्याने गुपचूप मोबाईलवर घेतलं.

सोमवारी तो व्हिडिओ लावला. पाच मिनिटांत पोरांना सगळं समजलं. टाळ्या पडल्या. साहेब उठून उभे राहिले.

"परब, ट्रेनिंग तुमच्याच घरी राहिलं! पुढच्या बॅचला आईंना घेऊन या."

हितेंद्रची छाती फुगली. "आणि मी काय शिकवू, सर?"

"तुम्ही ना?" साहेबांनी जरा विचार केला. "तुम्ही तेवढा पंखा बंद ठेवा."