वझलवार काका आणि कामाचं इनपुट

वझलवार काकांकडे चहा घेण्याआधी विचारून घ्यावं, आज त्यातून काय काढलंय. कधी आलं नसतं, कधी साखर. एका मंगळवारी चहापत्तीच नव्हती. कप हातात देऊन काका आपल्या तोंडाकडे टक लावून बसतात. "फरक पडला का? नाही ना? मंग ते इनपुट फालतू."

काकांची नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली. बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच फ्यूज काढून पाहायचा, ही तिथली शिस्त. रिटायर होऊन शंकर नगरात आले आणि सिग्नल उरले नाहीत म्हणून स्वयंपाकघराला लागले. काकू कातावून म्हणतात, "आमच्या घरी पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही."

या खुळाला दुसरं निमित्त त्यांची मुलगी मेधा. ती परदेशात क्वांटम कॉम्प्युटरवर काम करते. काकांनी वर्षभर डोकं शिणवून ते काम समजून घेतलं आणि आता भाजीवाल्या दीदीलाही सोडत नाहीत. "हिशोबात शंभर गोष्टी टाकल्या, तरी उत्तर दोन-चार गोष्टींनीच बदलते. त्या कोणत्या, हे पाहाले आपण एकेक हलवत बसतो. पोट्टीची मशीन साऱ्यांले एकदमच हलवून पाहते." दीदी "हव" म्हणते आणि मिरच्या तोलते.

मी शेजारीच राहतो. परवा त्यांचं बंद पडलेलं वायफाय बघायला गेलो. मेधाच्या खोलीत नवा एसी, नवं टेबल, पडदेही नवे.

"मेधा येऊन राहिली का?" मी विचारलं.

"पाच वर्षं झाले, आली नाही," काका म्हणाले. "पहिले एसी लावून पाहिला. नाही आली. मंग लग्नाचा विषय बंद केला. मंग ती फोनवर हिंदीत बोलली तरी टोकणं सोडलं. एका वेळी एकच बदलून राहिलो रे. नाहीतर कळत नाही ना, कायच्यानं आली ते."

ज्या माणसाला मी इतकी वर्षं चेष्टेवारी नेलं, तो आपल्या मुलीची वाट पाहायची रीत शोधत होता.

"काका, सरळ विचारून टाका ना तिले, काहून येत नाही म्हणून."

काकांनी कोऱ्या टेबलावरची धूळ हातानं पुसली.

"विचारलं असतं. पण तिनं माझंच नाव घेतलं तर? मंग वाट पाहणंबी संपते."