पेशकारांच्या अंगणातल्या बाटल्या

दारूच्या थेंबालाही न शिवता माणूस सबंध सरकारी नोकरी काढू शकतो, हे निजामाच्या राज्यात परभणीच्या तहसिलीत कागदपत्रे सांभाळणाऱ्या दिनकरराव पेशकारांनी सिद्ध करून दाखवले होते. बुधवारी दुपारी त्यांच्या अंगणात, तुळशीपासून हातभर अंतरावर, विलायती वाइनच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या.

त्यांच्या पत्नी नर्मदाबाई ताकाचा गडवा घेऊन ओसरीवर आल्या आणि गडव्यासकट जागीच थिजल्या.

"अहो, हे काय?"

"सरकारी माल आहे."

"मग सरकारला घरदार नाही का?"

"कचेरीत उजेड नाही. तसवीर काढायची आहे."

"कुणाची?"

"यांचीच," दिनकरराव खाली मान घालून म्हणाले.

"माझा बाप मरेस्तोवर म्हणत होता, माझी एक तसवीर काढा. त्याची नाही काढली. आन् ह्यांची काढायलाव?"

नर्मदाबाई आत गेल्या, नवऱ्याचे धुतलेले उपरणे घेऊन आल्या आणि त्यांनी तुळस झाकून टाकली. तिने हे पाहू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

झाले होते ते असे. ताडकळसकडचे एक जहागीरदार मागे वारस न ठेवता वारले. त्यांची जमीन, घोडी आणि तळघरातली वाइन सरकारजमा झाली. बाटल्यांवर तहसिलीची लाखेची मोहोर बसून त्या परभणीच्या कचेरीतल्या कोठीत, तहसीलदारांच्या किल्लीखाली, येऊन पडल्या. मग हैदराबादहून हुकूम आला की लिलावाआधी मालाची साफ तसवीर पाठवावी, म्हणजे शहरातल्या शौकिनांना घरबसल्या बोली लावता येईल. तहसीलदार व्यंकटरावांनी तो हुकूम दिनकररावांपुढे सरकवला.

"पेशकार, नायब तहसीलदाराची जागा रिकामी हाय. तसवीर साफ आली तर तुमची शिफारस जाईल."

"आणि नाही आली तर, साहेब?"

"पालमला बी एक जागा रिकामी हाय."

आडरानातल्या पालमचे नाव ऐकल्यावर दिनकरराव तडक स्टेशन रोडला बन्सीधर फोटोग्राफरकडे गेले. बन्सीधरकडे तिपाईवरचा एक कॅमेरा, एक काळे फडके आणि राजवाड्याचा जिना रंगवलेला एक पडदा होता. एवढ्या सामानावर त्याने जिल्ह्यातले नवरदेव, पाटील आणि नुकतेच वारलेले म्हातारे यांच्या तसविरी काढल्या होत्या. बाटली मात्र त्याच्यापुढे प्रथमच बसत होती.

"ह्यांच्यात थोरली कोणती?" त्याने अंगणात आल्या आल्या विचारले.

"म्हणजे?"

"थोरल्याला मधी बसवावं लागतं, पेशकारसाहेब. न्हाईतर मागून तंटे होतात."

उंच बाटल्या मागे उभ्या राहिल्या, बुटक्या पुढे बसल्या, आणि एका पोट सुटलेल्या बाटलीला मध्यभागी पाटाचा मान मिळाला. बन्सीधर काळ्या फडक्यात शिरला. "हलू न्हका," असे तो सवयीने बाटल्यांना म्हणाला आणि लगेच बाहेर आला.

"पेशकारसाहेब, बाटलीत तुमी हाव."

"मी?"

"पोटात. समद्यांच्या पोटात. वैनी बी हायेत, गडवा घेऊन."

दिनकररावांनी वाकून पाहिले. खरेच प्रत्येक बाटलीच्या काचेत एक बुटके अंगण होते, आणि त्यात एक बुटका पेशकार वाकून पाहत होता. नर्मदाबाईंनीही पाहिले. त्यांच्या हातून गडवा सुटला.

"मी दारूच्या बाटलीत?" एवढेच म्हणून त्या घरात गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.

बन्सीधर मात्र आता रंगात आला होता. काचेला नुसते ऊन चालत नाही, ऊन गाळून घ्यावे लागते, असे त्याने जाहीर केले. वलणीवरचे विटून पांढरे पडलेले लुगडे उन्हाच्या आडवे धरायचे ठरले. ते बांधले तर वाऱ्याने फडफडे, म्हणून एक टोक खुंटीला अडकवून दुसरे दिनकररावांनी हातात धरले. उजेड मऊ झाला. बाटल्यांच्या कडा चांदीच्या तारेसारख्या उमटल्या.

"लय झकास! पण तुमचा सदरा चमकायलाय."

सदरा निघाला.

"आता धोतर."

"बन्सीधर, शुद्धीवर आहेस का?"

"मी न्हाई म्हणत, काच म्हणायली. तुमचं काळं अंग दिसणार न्हाई. पांढरं दिसतं."

दिनकररावांनी मनाशी पालम आणि धोतर यांची तुलना केली. शेवटी त्यांनी दिंडीदरवाजा लोटून घेतला आणि ते लंगोटीवर, दोन्ही हात उंचावून, बायकोचे लुगडे धरून बाटल्यांसमोर उभे राहिले. घाईत परसदाराचा विसर पडला.

परसदारातून शेजारच्या कमलबाई विरजण मागायला आल्या.

त्यांना जे दिसले ते असे: पाटावर दारू, झाकलेली तुळस, उपडा पडलेला गडवा, कडी लावून बसलेली बायको आणि लंगोटीवरचे पेशकार. बन्सीधर काळ्या फडक्यात असल्याने तो त्यांना दिसलाच नाही.

"कमलबाई, हे सरकारी काम आहे!" दिनकरराव ओरडले. लुगडे सोडता येत नव्हते. बन्सीधरने नेमके तेव्हाच भिंगावरचे झाकण काढले होते.

"अगं बया!" म्हणून कमलबाई विरजणाची वाटी तिथेच टाकून पळाल्या. दिवेलागणीपर्यंत साऱ्या गल्लीला ठाऊक झाले, की पेशकार बायकोला कोंडून घालतात आणि पिऊन नाचतात.

दुसऱ्या दिवशी बन्सीधरने उत्साहाच्या भरात तसवीर थेट तहसीलदारांच्या हाती नेऊन दिली. दिनकररावांना बोलावणे आले. बन्सीधर दाराबाहेर हसतमुख उभा होता.

"साफ आलीय ना?" दिनकररावांनी विचारले.

"साफ म्हंजे! थोडी कारागिरी करावी लागली. तुमी उघडे दिसायलतात हो बाटलीत."

"काय?"

"काचेनं दगा दिला. पण मी गिऱ्हाइकाची अब्रू जाऊ देत न्हाई. बारीक ब्रश घेतला, तुमाला शेरवानी चढवली, डोक्यावर दस्तार घातली, मिशा दिल्या. समद्या बाटल्यांत."

"मला मिशा कुठे आहेत?"

"शेरवानीवर मिशा लागतातच. मला तेवढाच एक थाट जमतो."

दिनकरराव आत गेले. व्यंकटराव तहसीलदार शेरवानी आणि दस्तार घालून, मिशीवर हात ठेवून बसले होते. समोर तसवीर होती. बाटल्या अप्रतिम आल्या होत्या. आणि प्रत्येक बाटलीच्या पोटात, दोन्ही हात वर केलेले, झुपकेदार मिशांचे व्यंकटराव तहसीलदार होते.

पालमसुद्धा आता दिनकररावांना लांबचे सुख वाटू लागले.

"दार लावा," व्यंकटराव म्हणाले. "पेशकार, हे कुणाकुणाला ठाऊक हाय?"

दिनकररावांना लंगोटीच आठवली. "कमलबाईंनी पाहिलं, साहेब."

"कमलबाई कोण?"

"शेजारीण. तिनं गल्लीत सांगितलं."

"गल्लीत!" व्यंकटरावांनी दस्तार काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"साहेब, एकदाच झालं. दार लावून घेतलं होतं. मागचं दार राहिलं."

"मागचं दार," व्यंकटराव पुटपुटले. "तरी मी गड्याला सांगितल्तं."

हा गडी मध्येच कुठून आला हे दिनकररावांना कळले नाही. पण साहेब ओरडत नाहीत, एवढे कळले. त्यांना थोडा धीर आला.

"यात वाईट हेतू नव्हता, साहेब. माल कोठीत नुसता पडून होता, म्हणून..."

"तेच! तेच म्हणतो मी!" व्यंकटरावांनी उठून त्यांचा हात धरला. "पडूनच होता. पेशकार, तुमी शहाणे हाव. तोंडानं काही न बोलता सगळं दाखवलंत. आता असंच बिनबोलता ऱ्हावा."

त्यांनी तसवीर खणात टाकली, खणाला कुलूप लावले आणि त्याच बैठकीत शिफारस लिहिली. हैदराबादला कळवण्यात आले, की परभणी जिल्ह्यात ऊन फार कडक असल्याने बाटल्यांची तसवीर निघू शकत नाही.

दिनकरराव नायब तहसीलदार झाले. गल्लीने त्यांना माफ केले. एवढ्या मोठ्या ओहद्यावर माणूस घेणारच, असे खुद्द कमलबाईंचे मत पडले. नर्मदाबाईंनी मात्र ते लुगडे बोहारणीला देऊन टाकले.

तसवीर न गेल्याने लिलावाला शहरातून कोणी आले नाही. पेडगावचा मुंजाजी तेली तेवढा आला. त्याला करडईच्या तेलासाठी बाटल्या हव्या होत्या. नव्या नायब तहसीलदारांच्या समक्ष त्याने मोहरा फोडल्या आणि आतला माल कचेरीमागच्या मातीत ओतला.

सगळ्या बाटल्यांत पाणी होते.